आज्ञा दिली, पण कुणी? शुक्रवारच्या दिव्यातून समजून घेऊ आजचे ज्यू समाज

शुक्रवारी सूर्य मावळायच्या १८ मिनिटं आधी जगभरच्या ज्यू घरांत शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसासाठी, मेणबत्त्या लागतात, निदान दोन. जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी लावण्याची रीत आहे. परंपरेने हे काम घरातल्या बाईचं. ती आधी वात पेटवते, ज्योतीवरून दोन्ही हात आपल्याकडे ओढून घेते, डोळे झाकते आणि मग हिब्रूत आशीर्वचन म्हणते : ‘बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किदशानू बेमित्स्वोताव वेत्सिवानू लेहादलीक नेर शेल शब्बात.’ विश्वाचा राजा असलेल्या आमच्या देवा, तू धन्य आहेस. तू आपल्या आज्ञांनी आम्हाला पवित्र केलंस आणि शब्बाथचा दिवा लावायची आज्ञा दिलीस.

डोळे झाकण्यामागे साधा हिशेब आहे. एरवी आशीर्वचन आधी आणि कृती नंतर, असा नियम आहे. पण इथे आशीर्वचन म्हटलं की शब्बाथ सुरू झाला, आणि शब्बाथला आग पेटवता येत नाही. म्हणून दिवा आधी लावायचा, डोळे मिटून आशीर्वचन म्हणायचं, आणि डोळे उघडून तो दिवा जणू पहिल्यांदाच पाहायचा.

या वाक्यातला एक शब्द नीट पकडून ठेवला तर आजच्या ज्यू समाजांमधले बरेचसे फरक त्यातून उलगडतात. तो शब्द ‘वेत्सिवानू’, म्हणजे ‘आणि आम्हाला आज्ञा दिली’. कुणी दिली? आणि ती मला बांधते का?

गंमत म्हणजे तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, शब्बाथचा दिवा लावा असं कुठेच लिहिलेलं नाही. ही रीत नंतरच्या धर्मपंडितांनी घालून दिली. हाच प्रश्न हनुक्का या सणाच्या दिव्यांबद्दल तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, सरळ विचारलेला आहे : ‘त्याने आम्हाला कुठे आज्ञा दिली?’ उत्तर असं दिलं आहे की, तुझ्या काळचे न्यायाधीश जे सांगतील त्यापासून ढळू नकोस असं तोरा सांगते, म्हणून पंडितांनी घातलेला नियमही देवाचाच ठरतो. पारंपरिक ज्यू धर्माची सगळी इमारत या साखळीवर उभी आहे : सिनाय पर्वत, मोशे, तोरा, तालमूद, मग प्रत्येक पिढीतले रबाय, म्हणजे धर्मगुरू. या नियमव्यवस्थेला म्हणतात हलाखा, आणि ज्या आज्ञा पाळायच्या त्या मित्स्वोत. परंपरा त्यांची संख्या ६१३ सांगते.

श्रद्धेची रेघ ओढू नका

आपल्याकडे ‘धार्मिक’ म्हणजे देव मानणारा आणि ‘सेक्युलर’ म्हणजे न मानणारा अशी ढोबळ वाटणी होते. ज्यूंच्या बाबतीत ती साफ चुकते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२०च्या पाहणीत अमेरिकेतल्या ज्यू प्रौढांपैकी २६ टक्क्यांनीच बायबलमध्ये वर्णिलेल्या देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. पण पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्रीच्या सेदेर जेवणाला आदल्या वर्षी ६२ टक्के बसले होते. इस्रायलमधलं चित्र आणखी ठसठशीत आहे. तिथे लोक स्वतःला चार नावांनी ओळखतात : हरेदी म्हणजे कडवे धर्मनिष्ठ, दाती म्हणजे धार्मिक, मसोरती म्हणजे परंपरा मानणारे, आणि हिलोनी म्हणजे सेक्युलर. प्यूच्या २०१६च्या अहवालात हिलोनींचं प्रमाण जवळजवळ निम्मं, ४९ टक्के होतं. त्या हिलोनींपैकी ८७ टक्के सेदेरला बसले होते आणि ५३ टक्के निदान अधूनमधून शुक्रवारी मेणबत्त्या लावत होते.

म्हणजे दिवा दोन्हीकडे लागतो. फरक असा, की एकीकडे दिवा लावला नाही तर काहीतरी मोडतं; दुसरीकडे त्या शुक्रवारी दिवा लागला नाही, इतकंच. धार्मिक समाज ‘हे करणं भाग आहे’ या पायावर उभा असतो, सेक्युलर समाज ‘हे आमचं आहे, आम्हाला हवं आहे’ या पायावर. या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या संस्था, त्यांचे पैशांचे हिशेब, त्यांची भांडणं आणि त्यांचे आजार, सगळंच वेगळं निघतं.

आज्ञा बांधते तेव्हा

ऑर्थोडॉक्स, म्हणजे हलाखा पूर्ण बंधनकारक मानणाऱ्या, घरात शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत चालतो, म्हणजे साधारण २५ तास. या काळात ३९ प्रकारची कामं वर्ज्य : पेरणं, दळणं, शिवणं, लिहिणं, आग पेटवणं, विझवणं, घराबाहेर वस्तू वाहून नेणं वगैरे. विजेचं बटण दाबणं, गाडी चालवणं, पैसे हाताळणं, फोन उचलणं हे सगळं यांतून किंवा यांच्याभोवती घातलेल्या कुंपणांतून बाद होतं. म्हणून जेवण शुक्रवारी दुपारीच शिजवून गरम तव्यावर ठेवतात, दिवे टायमरवर लावतात, उंच इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबते अशी सोय करतात.

बाहेरून पाहणाऱ्याला ही बंधनांची यादी वाटते. पण या यादीतून एक गोष्ट आपसूक तयार होते, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, चालत जाण्याच्या अंतरावर हवं. सगळ्यांनाच तसं हवं असल्यामुळे सगळे एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहायला येतात. मग कोशर (धर्मनियमांना धरून अन्न देणारा) खाटीक, बेकरी, शाळा, स्त्रियांच्या विधिस्नानाचं मिकवे तिथेच उभं राहतं. शनिवारी दुपारी कुणाला फोन नाही, टीव्ही नाही, बाजार नाही; लोक एकमेकांच्या घरी जाऊन बसतात. शेजार कुणी ठरवून ‘बांधलेला’ नसतो, नियमांच्या पोटातून तो जन्माला येतो.

त्याच्या अडचणीही तिथूनच येतात. घराबाहेर वस्तू वाहायची नाही म्हणजे बाबागाडी ढकलायची नाही. यावर तोडगा म्हणून वस्तीभोवती खांब आणि तारा जोडून ‘एरुव’ आखतात. त्या तारेच्या आतली सगळी वस्ती जणू एक सामाईक घर मानली जाते. ही तार दर आठवड्याला तपासावी लागते. वादळात एका ठिकाणी तुटली की एरुव ‘पडला’ असा निरोप फिरतो, आणि तान्ही मुलं असलेल्या आया त्या शनिवारी घरात अडकतात.

१९५० साली अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीच्या धर्मनियम समितीने एक निर्णय दिला : शब्बाथला सिनेगॉगपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही. ही चळवळ हलाखा बंधनकारक मानते, पण काळाप्रमाणे तिचा अर्थ लावता येतो असंही मानते. लोक उपनगरांत पसरू लागले होते, सिनेगॉग दूर पडत होती, तेव्हा लोक निदान प्रार्थनेला तरी येतील हा हेतू होता. झालं उलट. गाडीची मुभा मिळाल्यावर जवळ राहण्याचं कारणच उरलं नाही. कुटुंबं आणखी पांगली, शनिवारची दुपार रिकामी झाली. पुढे त्याच चळवळीतल्या अनेकांनी तो निर्णय चुकला असं म्हटलं. निर्णय दयाळूपणाने घेतला होता, यात शंका नाही. पण नियमाच्या आधाराने जे उभं होतं, ते नियम काढल्यावर दुसऱ्या कशाने तोलून धरायचं याचा विचार झाला नव्हता. प्रत्येक उदारमतवादी आणि सेक्युलर ज्यू समाजाला आज हाच प्रश्न सोडवावा लागतो.

धार्मिक, पण बांधलेले नाहीत

इथे आणखी एक गाठ सोडवायला हवी. उदारमतवादी म्हणजे सेक्युलर नव्हे. जर्मनीत हॅम्बुर्गला १८१८ साली रिफॉर्म पंथाचं देऊळ उघडलं. तिथून निघालेला रिफॉर्म पंथ देव मानतो, प्रार्थना करतो, पण हलाखा माणसाला कायद्यासारखी बांधते असं मानत नाही. १८८५च्या पिट्सबर्ग ठरावात अमेरिकी रिफॉर्म रबायांनी खाण्यापिण्याचे नियम कालबाह्य ठरवले. १९७२ साली त्यांनी सॅली प्रीसँड यांना रबाय केलं. त्याआधी १९३५ साली जर्मनीत रेगिना योनास या पहिल्या स्त्री रबाय झाल्या होत्या. आणि १९९९ साली, त्याच पिट्सबर्गमध्ये, या पंथाने मित्स्वोतकडे पुन्हा मोकळ्या मनाने पाहावं असं नवं निवेदन काढलं. लोलक एकाच दिशेला जात नाही.

खरा अवघड नमुना मात्र मॉर्डेकाय कॅप्लन यांचा. लिथुआनियात जन्मलेले हे रबाय १०२ वर्षं जगले (१८८१–१९८३). त्यांचं म्हणणं : ज्यूपण हा फक्त धर्म नाही, ती एक सतत बदलणारी संस्कृती आहे, भाषा, भूमी, कला, कायदा, सण हे सगळं तिच्यात येतं आणि धर्म हा तिचा एक भाग. वर बसून आज्ञा देणारा, चमत्कार करणारा देव ते मानत नव्हते. माणसाला चांगुलपणाकडे नेणारी जी शक्ती सृष्टीत आहे, तिला ते देव म्हणत. तरीही त्यांनी हिब्रू प्रार्थना ठेवल्या, सिनेगॉग ठेवलं, दिवा ठेवला. जिथे शब्द त्यांना खोटे वाटले तिथे तेवढेच बदलले. तोरा वाचण्याआधीच्या आशीर्वचनात ‘सगळ्या लोकांतून आम्हाला निवडलंस’ असं आहे. ते काढून त्यांनी ‘आम्हाला आपल्या सेवेजवळ आणलंस’ असं केलं. इतर माणसांपेक्षा ज्यू देवाचे लाडके आहेत, ही कल्पना त्यांना नैतिकदृष्ट्या पटत नव्हती.

एवढ्यावरून काय व्हावं? जून १९४५मध्ये न्यूयॉर्कला ऑर्थोडॉक्स रबायांच्या एका सभेने त्यांना बहिष्कृत केलं आणि त्यांचं प्रार्थनापुस्तक जाळलं. युरोपात ज्यूंची पुस्तकं आणि माणसं जाळली गेल्याला अजून वर्षही उलटलं नव्हतं. प्रार्थनेतल्या चार शब्दांत किती वजन असतं हे त्यावरून कळावं.

कॅप्लन यांच्या पंथाला रिकन्स्ट्रक्शनिस्ट म्हणतात. ‘भूतकाळाला मत आहे, नकाराधिकार नाही’ हे त्यांचं सूत्र. १९२२ साली त्यांनी आपली मुलगी जुडिथ हिचा बात मित्स्वा, म्हणजे मुलगी वयात आल्याचा विधी, सिनेगॉगमध्ये केला, अमेरिकेतला पहिला. आज मुलींचा बात मित्स्वा इतका रुळला आहे की अनेक ऑर्थोडॉक्स समाजही तो आपापल्या पद्धतीने करतात.

जे मानत नाही ते म्हणायचं नाही

कॅप्लन यांची वाट एका माणसाला अप्रामाणिक वाटली. शेरविन वाइन १९५६ साली रिफॉर्म रबाय झाले. १९६३ साली मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उपनगरात, आठ कुटुंबांना घेऊन त्यांनी बर्मिंगहॅम टेम्पल सुरू केलं. त्यांचा प्रश्न सरळ होता : देव ऐकतो यावर तुमचा विश्वास नसेल, तर ‘तू धन्य आहेस’ असं कुणाला म्हणता? जुन्या शब्दाला मनातल्या मनात नवा अर्थ चिकटवून तोच शब्द मोठ्याने म्हणणं म्हणजे स्वतःशीच खोटं बोलणं. म्हणून त्यांनी वाक्यच बदललं. शुक्रवारच्या दिव्यापुढे तिथे ‘बारूख हाओर बाओलाम’ म्हणतात, ‘जगातला प्रकाश धन्य असो’. आणि पुढे ‘बारूख हाओर बाआदाम’, ‘माणसातला प्रकाश धन्य असो’. हिब्रू राहिली, दिवा राहिला, चाल राहिली. राजा गेला आणि ‘वेत्सिवानू’ही गेलं.

जागेची मांडणीही त्याप्रमाणे बदलली. एरवी सिनेगॉगच्या दर्शनी भिंतीत पवित्र कपाट असतं आणि त्यात तोराच्या गुंडाळ्या. इथे तोरा ग्रंथालयात ठेवली, कारण ती आपल्या पूर्वजांनी लिहिलेलं महत्त्वाचं साहित्य आहे. आणि दर्शनी भिंतीवर हिब्रूत ‘आदाम’, म्हणजे माणूस, हा शब्द शिल्परूपात लावला. १९६९ साली या विचाराच्या समाजांची संघटना झाली, तिचं नाव सोसायटी फॉर ह्यूमनिस्टिक ज्युडाइझम. या समाजांत मुलं तेराव्या वर्षी तोराचा उतारा गाऊन दाखवण्याऐवजी बहुधा ज्यू इतिहासातली एखादी व्यक्ती किंवा विषय निवडून त्यावर अभ्यास करतात आणि सभेपुढे तो मांडतात. बाहेरचा कुणी यायचा असेल तर ‘धर्मांतर’ हा शब्द टाळून ‘दत्तक’ म्हणतात : तो समाजाला स्वीकारतो, समाज त्याला.

वाइन यांची सचोटी निर्विवाद आहे. पण तिची किंमतही लक्षात घ्यावी लागते. आईवडिलांच्या मृत्यूनंतर म्हणायचा कद्दिश अरामी भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही; सगळी देवाची स्तुती. अर्थाच्या कसोटीवर मानवतावादी समाजात तो बसत नाही. पण ‘यितगदाल वेयितकदाश’ हा नाद ज्यांनी आजोबांच्या कबरीपाशी ऐकला आहे, त्यांना आशयाने कितीही खरं असलं तरी नवं निवेदन पुरत नाही. म्हणून काही समाज स्वतःचा स्मरणपाठ वापरतात, आणि काही नाद तोच ठेवून मजकूर बदलतात. कॅप्लन नादाकडे झुकले, वाइन अर्थाकडे. दोघांचंही काही ना काही हातचं सुटलं.

सिनेगॉगशिवायचे समाज

वरचे सगळे प्रयोग रबाय आणि सभागृह असलेले आहेत. पण सेक्युलर ज्यूपणाचा मोठा प्रवाह त्याच्या बाहेरच वाहिला. १८९७ साली विल्नात बुंद नावाचा समाजवादी ज्यू कामगार पक्ष निघाला; न्यूयॉर्कच्या स्थलांतरित कामगारांनी १९०० साली वर्कमेन्स सर्कल काढलं. आजारपणात मदत, दफनाची सोय, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) शाळा, नाटकं, गायनवृंद, हे सगळं देवाविना. त्यांचा जोडणारा धागा होता यिडिश भाषा. युरोपातले यिडिश बोलणारे लोक नाझींनी मारले आणि अमेरिकेतली नातवंडं इंग्रजीत वाढली, तेव्हा तो धागाच तुटला. सेक्युलर समाजाला नियमांऐवजी दुसरा कुणीतरी वाहक लागतो, आणि तो वाहक गेला तर दोन पिढ्यांत समाज विरतो.

पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झांनी, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतीवसाहतींनी, वाहक म्हणून हिब्रू भाषा आणि शेती घेतली. देगानिया हे पहिलं किबुत्झ १९१०चं. तिथल्या तरुणांनी घरची धार्मिकता मुद्दाम मागे टाकली होती, पण पेसाह आला की काय करायचं हा प्रश्न होताच. मग किबुत्झांनी स्वतःच्या हगादा, म्हणजे सेदेरच्या पोथ्या, लिहिल्या. शेकडो तऱ्हा झाल्या. चमत्कारांच्या जागी वसंत आणि कापणी आली, इजिप्तमधून सुटकेच्या जागी स्वतःच्या स्थलांतराची कथा आली, पुढे होलोकॉस्टचं स्मरण आलं. रामात योहानान इथे जवाची पहिली पेंढी कापण्याचा ओमेरचा विधी शेतात नाचगाण्यासह होतो. बायबलमधला हा विधी जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासून केवळ तोंडी मोजणीपुरता उरला होता. सेक्युलर शेतकऱ्यांनी तो पुन्हा जमिनीवर आणला, हे मला फार सुंदर वाटतं. मुलाच्या तेराव्या वर्षी तेरा कामं पार पाडायला देण्याची रीतही किबुत्झांचीच. १९८०च्या दशकातल्या आर्थिक संकटानंतर पुष्कळ किबुत्झांचं खाजगीकरण झालं, सामाईक भोजनगृहं बंद पडली, आणि शेकडो माणसांचा एकत्र सेदेरही बऱ्याच ठिकाणी थांबला. विधी भोजनगृहावर टेकलेला होता.

इस्रायलमध्ये सेक्युलर माणसाला एक सोय फुकट मिळते : कॅलेंडर. सणांना सुट्टी असते, शनिवारी बस बहुतेक ठिकाणी बंद असते, शाळेत बायबल शिकवतात. त्यामुळे काहीही न करता ज्यू राहता येतं. अमेरिकेत तसं राहता येत नाही. तिथे सभासद व्हावं लागतं, वर्गणी भरावी लागते, मुलाला रविवारच्या शाळेत न्यावं लागतं. म्हणून संघटित सेक्युलर ज्यू समाज आधी अमेरिकेत उभे राहिले आणि इस्रायलमध्ये उशिरा. तिथली हालचाल अभ्यासापासून सुरू झाली. १९८९ साली जेरुसलेममध्ये एलुल नावाचं अभ्यासघर निघालं, धार्मिक आणि सेक्युलर एकत्र बसून तालमूद वाचतील असं. रूथ काल्देरोन यांनी १९९६ साली तेल अवीवमध्ये आल्मा काढलं. फेब्रुवारी २०१३मध्ये खासदार म्हणून पहिल्याच भाषणात त्यांनी संसदेत तालमूदची एक गोष्ट शिकवली. तालमूद ही धार्मिकांची खाजगी मालमत्ता नाही, हा त्यांचा मुद्दा होता. २००४ सालापासून बेइत तेफिला इस्रायेली हा समाज उन्हाळ्यातल्या शुक्रवारी तेल अवीवच्या बंदरावर, समुद्रासमोर, वाद्यांच्या साथीने शब्बाथचं स्वागत करतो. स्तोत्रांच्या शेजारी आधुनिक हिब्रू कविता असतात. ऑर्थोडॉक्स शब्बाथला वाद्य वर्ज्य, इथे वाद्यांशिवाय सुरुवातच होत नाही.

दहावा माणूस

फरक सर्वांत नागडा दिसतो तो दुःखाच्या वेळी. कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही, त्याला मिन्यान लागतो, म्हणजे दहा प्रौढ. ऑर्थोडॉक्सांत दहा पुरुष. कॉन्झर्व्हेटिव्ह समितीने १९७३ साली स्त्रियांना मोजायला परवानगी दिली. आईवडिलांसाठी कद्दिश ११ महिने म्हणायचा, रोज. म्हणजे एका माणसाचं दुःख पार पडावं म्हणून नऊ जणांना सकाळी कामावर जाण्याआधी हजर राहावं लागतं. नऊच जमले तर कुणीतरी फोन करतं, आणि दहावा झोपेतून उठून येतो. तो श्रद्धाळू असतो म्हणून नव्हे, त्याच्यावाचून अडतं म्हणून. शिवा या सात दिवसांच्या शोककाळात शोक करणारे घरात खुज्या बैठकीवर बसतात, आरसे झाकतात, स्वयंपाक बाहेरून येतो.

सेक्युलर समाजात आकडा नसतो. आठ आले तरी चालतं. पण आठ चालतात म्हटलं की सहा चालतात, मग चार. यावर ज्यांनी विचार केला ते समाज आकड्याऐवजी यादी करतात : मृत्यूनंतरचे सात दिवस कोण जेवण नेणार, कोण संध्याकाळी बसणार, तिसाव्या दिवशी कोण फोन करणार, हे नावानिशी आधीच ठरवून ठेवतात. जिथे ‘ज्याला जमेल त्याने यावं’ एवढंच असतं, तिथे पहिल्या संध्याकाळी गर्दी असते आणि चौथ्या संध्याकाळी घर रिकामं असतं. १९६८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हावुरात शालोम सुरू झालं आणि त्यातून छोट्या, रबायाविना चालणाऱ्या गटांची, हावुरांची, लाट आली. त्यांचं बळ हेच, की वीस-तीस माणसांत गैरहजेरी लगेच दिसते. त्यांचा आजारही तोच : दोन उत्साही कुटुंबं गाव सोडून गेली की गट संपतो.

धार्मिक बाजूचा आजार वेगळा. तिथे माणूस येतो, पण कुणाला मोजायचं यावर दार बंद होतं. हलाखेप्रमाणे ज्यू तो, ज्याची आई ज्यू किंवा ज्याने तीन धर्मन्यायाधीशांपुढे, आज्ञा स्वीकारून, मिकवेत बुडी मारून, आणि पुरुष असेल तर सुंता करून प्रवेश घेतला. अमेरिकी रिफॉर्म पंथाने १९८३ साली ज्यू बापाची, ज्यू म्हणून वाढवलेली मुलंही ज्यू मानली. इस्रायलचा परतीचा कायदा १९७०च्या दुरुस्तीनंतर एका ज्यू आजीआजोबांवरही नागरिकत्व देतो. पण ज्यूंची लग्नं तिथे ऑर्थोडॉक्स रबायांच्या हाती आहेत आणि नागरी विवाह नाही. त्यामुळे सोव्हिएत देशांतून आलेले काही लाख नागरिक सैन्यात जातात, कर भरतात, हिब्रूत स्वप्नं पाहतात, आणि लग्नासाठी त्यांतले अनेक सायप्रसला जातात. तिथलं लग्न परत आल्यावर सरकारदरबारी नोंदवलं जातं.

मराठी बोलणाऱ्यांचा तोच प्रश्न

हे दार मराठी माणसांनीही ठोठावलं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचे मराठी ज्यू, बेने इस्राएल, शतकानुशतकं रबायाविना, तालमूदविना राहिले. त्यांनी जपलं ते शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, त्यांनी नाव दिलं दरफाळणीचा सण, दारं लावून घरात बसण्याचा. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. ते त्याला मशीद म्हणत. विद्वानांनी दिलेल्या नियमसाखळीशिवायही आचार टिकू शकतो, याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे. पण तो आचार गाव आणि जात यांच्या चौकटीत टिकला, ही गोष्ट विसरायची नाही.

१९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांनी तिथला उदारमतवादी ज्यू पंथ पाहिला होता. त्यांच्या प्रयत्नातून रोदेफ शालोम हे उदारमतवादी सिनेगॉग उभं राहिलं. म्हणजे अमेरिकेत कॅप्लन ज्या प्रश्नाशी झुंजत होते, तो त्याच दशकात मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मराठी बाईंनी हाती घेतला होता.

मग स्थलांतर झालं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रबाय-कार्यालयाने बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्या तपासायचे आदेश काढले : यांचे घटस्फोट आणि लग्नं हलाखेप्रमाणे झाली होती का? ज्यांनी शनिवारी घाणा फिरवला नाही त्यांना ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. आंदोलनं झाली, धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४मध्ये संसदेने ठराव करून ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं. लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथल्या त्यांच्या घरांत आजही मलिदा होतो : गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुकामेवा घातलेले पोहे, सोबत फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, स्तवन. या विधीचा शोध हलाखेच्या ग्रंथांत घेऊ नये, तो कोकणातला आहे. नियमित प्रार्थना करणारेही तो करतात आणि एरवी सिनेगॉगची पायरी न चढणारेही.

शुक्रवारचं आमंत्रण आलं तर

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, इस्रायलमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना असं आमंत्रण हमखास येतं. आधी विचारून घ्या : ‘तुम्ही शब्बाथ पाळता का?’ प्रश्न उद्धट नाही, यजमानांना बरंच वाटतं. पाळत असतील तर सूर्यास्तापूर्वी भेटवस्तू पोचवा, नंतर फुलं किंवा पिशवी हातात घेऊन जाऊ नका. बेल विजेवर चालते, म्हणून दार ठोठावा. फोन खिशात बंद ठेवा. घरी केलेला पदार्थ नेऊ नका, त्यांच्या स्वयंपाकघराचे नियम वेगळे असतात. वाइन न्यायची तर कोशर, आणि लेबलवर ‘मेवुशाल’, म्हणजे उकळलेली, असं लिहिलेली घ्या. साधी कोशर वाइन बिगरज्यू पाहुण्याने ओतली तर काही घरांत ती पुढे चालत नाही. न्हाणीघरातला दिवा लागलेला असेल तर सवयीने विझवू नका.

मानवतावादी किंवा किबुत्झच्या वळणाच्या घरात यातलं काहीच आड येणार नाही, पण तुमच्या हातात कागद देऊन कविता किंवा परिच्छेद वाचायला सांगतील. नाही म्हणू नका, तिथे वाचणं हाच विधी आहे.

आणि पाळणाऱ्या घरात एक क्षण असा येतो, जो नव्या माणसाला गोंधळात टाकतो. द्राक्षरसावरचं आशीर्वचन, किद्दुश, झालं की सगळे उठून दोन कानांच्या तांब्याने हात धुतात आणि टेबलाशी परत येऊन गप्प बसतात. तुम्ही काही विचारलं तर हसून मान हलवतील, बोलणार नाहीत. राग आलेला नसतो. हात धुतल्यापासून पाव तोंडात जाईपर्यंत मधे बोलायचं नसतं. यजमान कापडाखालचे ‘हल्ला’ नावाचे शब्बाथचे दोन पाव उचलतील, आशीर्वचन म्हणतील, एक कापतील, मिठाला लावून तुकडा तुमच्याकडे देतील. तो खाल्ला की गप्पा पुन्हा सुरू होतात.